मूत्राशय वाचवायचे उपचार झाले, तरी गाठ परत आली. आता मूत्राशय काढायला सांगतायत

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. एरवी मी लोणची-पापडांच्या धाग्यांवर असते, आज वेगळ्याच कामासाठी लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे बाबा, वय ६७, एसटीतून निवृत्त. दोनेक वर्षांपूर्वी लघवीतून रक्त गेलं. दुखत नव्हतं म्हणून त्यांनी अंगावर काढलं. शेवटी तपासलं तेव्हा मूत्राशयात एक गाठ निघाली, स्नायूच्या थरात शिरलेली. रिपोर्टवर टी-२ होतं. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक तर मूत्राशय काढायचं, नाहीतर दुर्बिणीतून गाठ शक्य तेवढी सगळी खरवडून काढायची आणि मग रेडिएशन आणि केमो एकत्र द्यायचं. बाबांनी दुसरी वाट घेतली. साडेसहा आठवडे रेडिएशन आणि सोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. नंतरच्या सिस्टोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीत, सगळं स्वच्छ. आम्ही पेढे वाटले.

पुढे दर तीन महिन्यांनी दुर्बीण चालू होती, वर्षभर काही नव्हतं. गेल्या महिन्यात पुन्हा रक्त दिसलं. रेडिएशनमुळेही असं होतं म्हणे, पण या वेळी जुन्या जागेच्या कडेला नवी गाठ सापडली. बायोप्सीत हाय ग्रेड, म्हणजे आक्रमक जातीची, परत स्नायूत. सीटी स्कॅनमध्ये बाकी कुठे पसरलेलं दिसत नाही. सर्जन म्हणतात साल्व्हेज सिस्टेक्टॉमी करावी लागेल, म्हणजे आधीचे उपचार फसल्यावर मूत्राशय आणि प्रोस्टेट दोन्ही काढायचं आणि लघवीसाठी पोटावर पिशवी.

भाऊ म्हणतो परत रेडिएशन देता येतं का विचार. आई म्हणते तेव्हाच काढलं असतं तर आज हे नसतं. आणि बाबा म्हणतात, "पोटाला पिशवी बांधून जगण्यापेक्षा आहे ते बरं." रेडिएशननंतर हे ऑपरेशन फार अवघड होतं असंही कानावर आलंय. कुणाच्या घरी हे झालंय का?

दत्तूमामा_कराड

ताई, माझ्या पोटावर तीच पिशवी आहे. माझंबी रेडिएशन आधी झालेलं. रोज पहाटे रानात जातो, ट्रॅक्टर चालवतो, गावच्या जत्रेत पंगतीला वाढतो. बाबांना माझा नंबर द्यायचा तर व्यनि करा, मी बोलतो त्यांच्याशी. लेकीनं सांगितलेलं पटत नाही, दुसऱ्या म्हाताऱ्यानं सांगितलं की पटतं.

स्पष्टवक्ता

कटू वाटेल, पण स्नायूत शिरलेली गाठ असताना मूत्राशय ठेवलंच कशाला? आमच्या नात्यात सरळ काढलं, सहा वर्षं झाली, ठणठणीत आहेत. हे "वाचवायचे" उपचार म्हणजे पेशंटला बरं वाटावं म्हणून दिलेली सवलत.

टाकादोरा

मी युरोसर्जन आहे, कॅन्सरचंच काम करतो. बाबांचे कागद पाहिलेले नाहीत, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

आधी स्पष्टवक्ता यांना. सवलत वगैरे नाही हो. २०२३ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त अमेरिका आणि कॅनडातल्या तीन विद्यापीठ रुग्णालयांचा अभ्यास आला. एकूण ७२२ पेशंट, त्यातल्या ४४० जणांचं मूत्राशय काढलेलं आणि २८२ जणांना खरवडणं, रेडिएशन, केमो असे तिहेरी उपचार दिलेले. सगळे असे की ज्यांना दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. कॅन्सर इतरत्र न पसरता राहण्याचं प्रमाण दोन्हीकडे पाच वर्षांनी जवळपास सारखं निघालं. लॉटरी पद्धतीची चाचणी नव्हे ही, पण तशी चाचणी या दोन उपचारांत पुरी होणं फार कठीण, कारण चिठ्ठी टाकून मूत्राशय द्यायला कोण तयार होईल? म्हणून उपलब्ध पुराव्यात हा वजनदार आहे. एकच गाठ, किडनी फुगलेली नाही, आतल्या अस्तरावर पसरलेला कॅन्सर नाही आणि गाठ पुरी खरवडता आलेली, अशा माणसाला ही वाट दाखवणं योग्यच. कृष्णाकाठ यांनी लिहिलंय त्यावरून बाबा बहुधा त्यातच बसत होते.

आता आईंच्या वाक्याबद्दल. त्या २८२ जणांतल्या सुमारे १३ टक्क्यांचं मूत्राशय पुढे काढावंच लागलं. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये हे उपचार १९८६पासून दिले जातात, तिथल्या जुन्या आकड्यांत हे प्रमाण जास्त, म्हणजे १०० पैकी २९च्या आसपास होतं. म्हणजे काही जणांवर ही वेळ येणार हे पहिल्या दिवसापासून योजनेत धरलेलं असतं. दर तीन महिन्यांची दुर्बीण त्याचसाठी. गाठ परत आली तर ती मूत्राशयातच असताना पकडायची आणि तेव्हा ऑपरेशन करायचं. बाबांची तशी पकडली गेलीय. आईंना हे जरूर सांगा.

परत रेडिएशन: नाही. पूर्ण डोस एकदा दिला की तिथल्या आतड्याला आणि गुदाशयाला दुसरा सोसत नाही. नुसत्या केमोने स्नायूतली गाठ कायमची जाईल हा भरवसा नाही. शरीर ऑपरेशन झेपणारं असेल आणि कॅन्सर पसरलेला नसेल, तर बरं होण्याची खरी संधी याच वाटेवर आहे. आणि ती महिनोन्महिने थांबत नाही.

अवघड असतं का? असतं. रेडिएशननंतर थरांमधली मोकळी जागा नाहीशी झालेली असते. साठवणीचे पापड दमट हवेत एकमेकांना चिकटावेत तसं मूत्राशय, गुदाशय आणि भोवतालचं सगळं चिकटून बसतं. सोडवताना गुदाशयाला इजा व्हायचा धोका वाढतो, लिम्फ ग्रंथी काढणं किचकट होतं, शिवण भरून यायला वेळ लागतो. मॅसॅच्युसेट्स जनरलनेच अशा ९१ साल्व्हेज ऑपरेशनांचा हिशोब २०१२मध्ये मांडला होता. पहिल्या ९० दिवसांत ६९ टक्के लोकांना लहानमोठी काही ना काही गुंतागुंत झाली, गंभीर म्हणावी अशी १६ टक्क्यांना, आणि मृत्यू २ टक्क्यांच्या थोडे वर. त्यात एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट: उपचारांना सुरुवातीलाच दाद न मिळाल्याने ज्यांचं लगेच ऑपरेशन झालं, त्यांच्यात हृदयाच्या आणि रक्ताच्या गुठळीच्या तक्रारी जास्त होत्या. ज्यांची गाठ बऱ्याच काळाने परतली, म्हणजे बाबांचा गट, त्यांच्यात जखम उसवणं, मूत्रनलिकेचा (किडनीतून येणाऱ्या नळीचा) जोड आकसणं, स्टोमा (पोटावरचं लघवीचं तोंड) दुरुस्त करावा लागणं असल्या भरून येण्याच्या तक्रारी जास्त होत्या. म्हणून रेडिएशननंतरची अशी ऑपरेशनं नेहमी करणारी टीम शोधा. "तुम्ही हे वर्षाला किती करता?" असं तोंडावर विचारा. चांगला सर्जन रागावत नाही.

निसर्गमित्र७

ऑपरेशनची घाई करू नका. आमच्या ओळखीत गोमूत्र अर्क आणि गोखरू काढ्याने मूत्राशयाची गाठ विरघळली आहे. पत्ता देतो.

मीनल_के

पत्ता नको. बायोप्सीत हाय ग्रेड आलंय, धागा नीट वाचा.

टाकादोरा

आणि काही काढे चालू असतील तर ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञाला सांगा आणि बंद करा. सिस्प्लॅटिन घेतलेल्या किडनीला आणखी कसली परीक्षा नको.

लीड्सकर

आमच्या आईचे इथे इंग्लंडमध्ये हेच उपचार झाले, फक्त सिस्प्लॅटिनऐवजी मायटोमायसिन आणि ५-एफयू दिलं. तिची किडनी जरा मंद होती. ही पद्धत इथल्याच बीसी-२००१ नावाच्या चाचणीतून आली. ३६० पेशंट होते, नुसतं रेडिएशन घेतलेल्यांपैकी ५४ टक्के आणि केमो जोडलेल्यांपैकी ६७ टक्के लोक दोन वर्षांनी त्या भागात आजारमुक्त होते. नाईस या इथल्या सरकारी आरोग्य संस्थेच्या मार्गदर्शनातही पेशंटपुढे दोन्ही पर्याय ठेवायला सांगितलं आहे. त्यामुळे आम्हाला कुणी "कशाला ठेवलं" असं विचारलं नाही.

लिहायचं कारण वेगळं आहे. आईलाही दीड वर्षाने गाठ परत आली आणि आम्ही रडून मोकळे झालो. पण तिची वरच्या अस्तरातच होती, स्नायूत नव्हती. दुर्बिणीतून काढली, मग मूत्राशयात बीसीजी (क्षयाच्या लसीतलंच, प्रतिकारशक्ती चाळवणारं औषध) सोडलं आठवड्याला एक असं. मूत्राशय अजून आहे. तेव्हा "परत आली" एवढ्यावर काही ठरत नाही, किती खोल आली ते रिपोर्टमध्ये बघायचं. इतर वाचकांसाठी म्हणून सांगतेय, कृष्णाकाठ ताईंच्या बाबांचा रिपोर्ट दुर्दैवाने स्पष्ट आहे.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. दुसरं मत घेतलं. मुंबईत बायोप्सीच्या काचा परत तपासल्या, निदान तेच. तिथल्या सर्जननी तोच सल्ला दिला, म्हणाले लवकर करा. आईला टाकादोरा यांचं लिखाण मोठ्याने वाचून दाखवलं, ती काही बोलली नाही पण त्यानंतर ते वाक्य परत म्हणालेली नाही.

बाबा अजून हटूनच आहेत. त्यांचा प्रश्न असा की आतड्याची नवी पिशवी पोटाच्या आत बसवतात असं ऐकलंय, मग बाहेरची कशाला? आणि रोबोने केलं तर बरं का?

टाकादोरा

प्रश्न रास्त आहे. दोन्हीकडे लहान आतड्याचाच तुकडा वापरतात. बाहेरच्या पिशवीत, म्हणजे इलिअल कॉन्ड्युइटमध्ये, साधारण १५ सेंमी. दोन्ही मूत्रनलिका त्याला जोडायच्या आणि त्याचं तोंड पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर काढायचं. तो स्टोमा. आतल्या पिशवीला, म्हणजे निओब्लॅडरला, ५०–६० सेंमी लागतं. ते उघडून, शिवून गोळा बनवायचा आणि खाली मूत्रमार्गाला जोडायचा. रेडिएशन घेतलेल्या माणसात तो खालचा जोड आणि तिथला झडपेचा स्नायू, दोन्ही कमजोर. गळती, उसवणं, लघवीवर ताबा न राहणं हे सगळं वाढतं. निवडक लोकांत मोठ्या केंद्रांत करतात, पण ६७व्या वर्षी, साल्व्हेज ऑपरेशनात, मी माझ्या वडिलांना कॉन्ड्युइटच सुचवलं असतं. ऑपरेशन कमी वेळाचं, जोड कमी. लहान आतडंच रेडिएशनने खराब दिसलं तर काही सर्जन आडव्या मोठ्या आतड्याचा तुकडा घेतात, कारण ते वर, किरणांच्या टप्प्याबाहेर असतं.

रोबो: ब्रिटनमधल्या आयरॉक चाचणीत पहिल्या ९० दिवसांपैकी हॉस्पिटलबाहेर काढलेले दिवस रोबोगटात ८२ आणि उघड्या ऑपरेशनात ८० आले. गुठळ्या आणि जखमेच्या तक्रारी रोबोत कमी. फायदा आहे, पण रेडिएशननंतरच्या पोटाला हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. यंत्रापेक्षा ते चालवणारा बघा. त्यासाठी घर गहाण टाकू नका.

दत्तूमामा_कराड

बाबांशी काल फोनवर बोललो. एसटीचा माणूस, गप्पा मस्त झाल्या. त्यांचं खरं दुखणं वेगळंच आहे ताई. त्यांना वाटतंय वास येणार, लोक लांब बसणार, देवळात जाता येणार नाही. मी म्हणलं मी तुमच्यासमोर येऊन बसतो, वास आला तर सांगा. येत्या रविवारी मिरजेला येतोय.

आणखी एक. ऑपरेशनच्या आधी स्टोमाची नर्स पोटावर पेनानं खूण करती. ती खूण नुसतं झोपवून करू देऊ नका. उभं राहून, खुर्चीत बसून आणि मांडी घालून, तिन्ही वेळा बघायला लावा. पायजम्याची नाडी कुठं बांधतात, करगोटा कुठं बसतो ते दाखवा. घडीत किंवा नाडीखाली तोंड आलं तर पिशवी रोज सुटती. माझ्या शेजारच्या बेडवाल्याची तशीच आली होती, लई हाल झाले.

परळवासी

मुंबईत करणार असाल तर राहण्याचं आधी बघा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती या दोन्ही ठिकाणी बाहेरगावच्या पेशंटची सोय होते, पण गर्दी असते, हॉस्पिटलची चिठ्ठी लागते. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जाऊन बसा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारा. भरती व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही. टाटात स्टोमा क्लिनिक आहे, आणि ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडियाही मुंबईतच आहे. पिशव्यांचा खर्च आयुष्यभराचा असतो, तो हिशोबात धरा.

अनामिक

आयडी बदलून विचारतेय, राग मानू नका. माझ्या नवऱ्याचं असंच ऑपरेशन ठरतंय, वय ५१. नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल डॉक्टरांनी चकार शब्द काढला नाही आणि आम्हाला विचारवलं नाही.

टाकादोरा

राग कसला. हा प्रश्न पेशंटने विचारायची वाट बघणं हा आमच्या धंद्याचा दोष आहे.

पुरुषांत मूत्राशयासोबत प्रोस्टेट आणि वीर्यकोश जातात. वीर्य येणं पूर्ण थांबतं. ताठरता आणणाऱ्या नसा प्रोस्टेटला चिकटून जातात, त्या वाचवायचा प्रयत्न करता येतो, पण रेडिएशननंतर आणि गाठ कुठे आहे त्यावरून ते दर वेळी जमत नाही. गोळ्या, इंजेक्शन, व्हॅक्युम पंप असे उपाय नंतर आहेत. स्त्रियांत बरेचदा गर्भाशय, बीजकोश आणि योनीची पुढची भिंत काढावी लागते. त्यातलं काय ठेवता येईल हे गाठीच्या जागेवर ठरतं आणि ते ऑपरेशनआधी विचारलं तरच ठरवता येतं. दोघे मिळून जा आणि विचारा. ५१ हे वय विचारण्याचंच आहे.

कृष्णाकाठ

बरेच दिवसांनी येतेय. ऑपरेशन झालं. उघड्या पद्धतीने केलं, सकाळी आत नेलं ते दिवेलागणीला बाहेर आणलं. गुदाशय चिकटलेला होता पण सोडवता आला. आतडी मात्र रुसून बसली, पोट फुगलं, उलट्या, नाकात नळी परत घातली. आठवडाभर बाबांनी चहाचा घोट घेतला नाही. नर्स च्युइंगगम चघळायला द्यायच्या, आतडी हलावीत म्हणून. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा च्युइंगगम खाल्लं. खालच्या टोकाला जखम थोडी उघडली, ती ड्रेसिंगवर भरत आली. स्टोमातून दोन बारीक नळ्या बाहेर होत्या त्या दोनेक आठवड्यांनी काढल्या. गुठळी होऊ नये म्हणून पोटाच्या कातडीखाली घ्यायची इंजेक्शनं महिनाभर होती, ती घरी मीच दिली.

रिपोर्ट: गाठ मूत्राशयाच्या भिंतीतच, कडा मोकळ्या, काढलेल्या ग्रंथींत काही नाही.

दत्तूमामा, रविवारी तुम्ही आला नसतात तर बाबा तयार झाले नसते. तुम्ही गेल्यावर म्हणाले, "त्यांनी तीन चहा प्यायले आणि मला पिशवी कुठंय ते शेवटपर्यंत कळलं नाही."

आता रोजचे प्रश्न. पिशवीत पांढरट चिकट तंतू दिसतात, ते काय? आणि पिशवी दोन दिवसांतच सुटते.

दत्तूमामा_कराड

तंतू म्हणजे आतड्याचा चिकट स्राव. आतडं आपलं काम सोडत न्हाई. पाणी भरपूर प्यायलं की पातळ होतो.

सुटत्याचं असं: पहाटे चहाच्या आधी बदला, तेव्हा लघवी कमी येती. आंघोळीला तेल नको, त्या जागेला साबण कमी, पावडर लावायची तर स्टोमाची, टाल्कम नको. केस असतील तर कापा. कातडी कोरडी ठणठणीत झाल्याबिगर चिकटवू नका, चिकटवल्यावर तळहातानं थोडा वेळ दाबून धरा म्हणजे उबेनं बसती. सुरुवातीला तोंड सुजलेलं असतं, दीड-दोन महिन्यांत आकसतं, तवा दर वेळी माप घेऊन भोक कापा. मोठं कापलं की कातडी सोलती. पिशवी तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची, गच्च भरू द्यायची न्हाई. रात्री खालची मोठी पिशवी नळीनं जोडायची, झोपमोड होत न्हाई. जड उचलायचं न्हाई, स्टोमाशेजारी हर्निया येतो. मला आलाय, पट्टा बांधतो.

टाकादोरा

रिपोर्ट छान आहे. मामांच्या यादीत माझी भर: ताप, थंडी, कुशीत दुखणं आलं तर त्याच दिवशी दाखवा. लघवीचं कल्चर पिशवीतल्या लघवीचं देऊ नका, त्यात जंतू असतातच. स्टोमात स्वच्छ नळी घालून घेतलेला नमुना हवा, नाहीतर उगाच अँटिबायोटिक मागे लागतं. मूत्रनलिकेचा जोड गाजावाजा न करता आकसू शकतो, म्हणून दुखत नसलं तरी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी ठरल्या वेळी करा. रक्तात आम्ल वाढलं तर सोड्याच्या गोळ्या लागतात. पुढच्या वर्षांत बी-१२ही तपासत चला. आणि सीटी स्कॅन चुकवू नका. दुर्बीण संपली म्हणजे तपासणी संपली नाही.

कृष्णाकाठ

लिहून घेतलं. बाबांचा एक प्रश्न आहे, त्यांच्याच शब्दांत: "मिरज ते पंढरपूर एसटीने जमेल का?"

दत्तूमामा_कराड

जमेल की. जोडीला दोन जादा पिशव्या, भोक आधीच कापून ठेवलेल्या, एक टॉवेल. निघताना रिकामी करायची आणि सांगोल्याला गाडी थांबली की परत. खिडकीची शिट घ्यायची, उजवी बाजू खिडकीकडं, म्हणजे शेजारच्याचा कोपर लागत न्हाई.

सदाफुली

नवीन सदस्य. माझ्या दिरांना रेडिएशन संपून तीन महिने झालेत, पहिल्याच सिस्टोस्कोपीत गाठ शिल्लक आहे म्हणतात. इथेच विचारू का?

टाकादोरा

नवा धागा काढा, इथे दुवा द्या. बायोप्सी रिपोर्टमधलं स्नायूबद्दलचं वाक्य, क्रिएटिनिन आणि सीटीचा निष्कर्ष टाका. नाव, हॉस्पिटल, फोन नंबर टाकू नका.